झब्ब्याचे काज

दोन वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका कविसंमेलनाला मी झब्बा-पायजमा घालून गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक सद्गृहस्थ प्रेमाने म्हणाले, "आज अगदी आमच्यातले दिसता हो!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मीही हसलो. पण मी घाटकोपरला उतरलो तरी ते वाक्य मनातून उतरेना.

झब्बा म्हणजे अरबी 'जुब्बा'. पायजमा फारसी, 'पाय' म्हणजे आपलाच पाय, आणि 'जामा' म्हणजे वस्त्र. इंग्रजांनी तो विलायतेत नेला आणि झोपताना घालू लागले! उलट माझी आई, कोकणातली मुसलमान बाई, जन्मभर लुगडे नेसली. तिचे नाव ऐकले की लोक पुन्हा एकदा लुगड्याकडे बघत.

त्याच आठवड्यात नवा झब्बा शिवायला टाकला. टेलरमास्तरांनी विचारले, "काका, काज हाताचे की मशीनचे?" काज! हा शब्द पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत 'काझा' म्हणजे घर, बटणाचे घर. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, तोवर दोनशे वर्षे आपली ही उपनगरे, म्हणजे जुनी साष्टी, पोर्तुगीजांकडेच होती. मग मी दुकानभर शब्दच वेचू लागलो. सुई आणि कातर संस्कृतातून आलेल्या. अस्तर फारसी. कॉलर इंग्रजांची.

आपण नुसते घेतलेच असेही नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात लिहिले आहे, की तगर म्हणजे आपल्या तेरहून कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. आणि डोंगरी? तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजांनी 'डंगरी' म्हटले. खलाशांनी, कामगारांनी ते जगभर अंगावर वागवले. आता घाटकोपरच्या दुकानात लहान पोरांची डंगरी 'फॉरेनची फॅशन' म्हणून दाखवतात. सँडहर्स्ट रोडला उतरले की डोंगरी, लोकलचे तिकीट पुरे!

मुलुंडच्या त्या गृहस्थांना हे सारे सांगावे असे फार वाटले. पण नाव-पत्ता काही विचारून घेतला नव्हता.

"हाताचेच करा," मी मास्तरांना म्हणालो.

त्यांनी वहीत टिपले. "आणि खिसा? एक की दोन?"

खिसाही फारसीच. म्हटले, "दोन लावा."