पेटता पेटता न पेटणारा गिझर

मेहकर म्हणताच बुलढाण्याकडील गाव आठवते. येथे अभिप्रेत आहे ते बीदर जिल्ह्यातील, सीमेवरचे मेहकर. अशा गावांतील काही घरांतही आता तांब्याच्या बंबाच्या जागी गॅसचा गिझर आला आहे. थंडीच्या पहाटे तो एके दिवशी पेटतो, दुसऱ्या दिवशी रुसून बसतो, आणि मंडळी सिलिंडरला दोष देऊन मोकळी होतात.

दोष पुष्कळदा पाण्याचा असतो. नळ सोडला म्हणजे पाण्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो, खटका दाबला जातो, मग ठिणगी पडून गॅस सुटतो. टाकीतील पाणी गिझरहून ३ मीटरच उंच असेल, तर दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो. त्यात जड पाण्याच्या क्षारांनी जाळी बुजली, की पडदा हलतच नाही. टिकटिक मुळीच ऐकू न आल्यास प्रथम जाळी पाहावी. ती क्षीण असल्यास सेल बदलावेत. टिकटिक खणखणीत असूनही ज्योत नसेल, तर गॅस संपला असेल किंवा ठिणगीच्या टोकावर काजळी धरली असेल.

मात्र नळ पुनःपुन्हा सोडून पाहण्याचा हट्ट घातक होय. न जळालेला गॅस हवेहून जड. तो जमिनीलगत साचतो. वास येताच सिलिंडर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणास हात लावू नये. पेटून लगेच विझणारा गिझर बंद न्हाणीघरात असेल, तर प्राणवायू अपुरा पडत असण्याचा संभव आहे. तेथे उत्पन्न होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्नान करणारा न कळत बेशुद्ध होतो. तो गिझर कारागिराकडून न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा.