लाल पट्टा आणि हिरवा पट्टा



अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिच्या सीमेला लागूनच मेरीलँड राज्यातील मॉंटगोमेरी काउंटी आहे. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा. मेरीलँडमध्ये सार्वजनिक शाळांचा कारभार काउंटीकडेच असतो. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांशी त्याचे साम्य आहे. फरक मोठा असा, की तेथे डॉक्टरांची आणि अधिकाऱ्यांची मुलेही बहुधा याच शाळांत शिकतात. या काउंटीत अनेक मराठी कुटुंबेही राहतात.

काउंटी संपन्न, शाळांचा लौकिक मोठा. परंतु जेरी वीस्ट यांनी १९९९ मध्ये तेथील शिक्षण अधीक्षकपद स्वीकारले, तेव्हा सव्वा लाखाहून अधिक विद्यार्थ्यांच्या या जिल्ह्यात दोन वेगळे समाज नांदत होते. वीस्ट यांनी नकाशा काढून त्याचे दोन भाग केले. सिल्व्हर स्प्रिंग, व्हीटन यांसारख्या दाट वस्तीच्या, गरीब आणि नवागत कुटुंबांच्या भागाला त्यांनी लाल पट्टा म्हटले. बेथेस्डा, पोटोमॅक यांसारख्या सधन भागाला हिरवा पट्टा. सरकारी खात्यांची वृत्ती सर्वांना सारखे वाटून न्याय केल्याचे समाधान मानण्याची असते. वीस्ट यांनी ते केले नाही. लाल पट्ट्यातील शाळांवर दर विद्यार्थ्यामागे सुमारे दोन हजार डॉलर अधिक खर्च झाला. बालवर्ग पूर्ण दिवसाचे झाले, लहान वर्गांतील पटसंख्या घटविण्यात आली, शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला गेला. सधन पालकांच्या करातून गरीब वस्तीच्या शाळेला जादा पैसा द्यायचा आणि त्या पालकांना तसे उघडपणे सांगायचे, यास धैर्य लागते. या प्रयत्नांची फळेही दिसली. लाल पट्ट्यातील मुलांचे वाचन सुधारले.

परंतु खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे, आणि तिचा उगम शिक्षण खात्यात नाही.

या काउंटीने १९७४ मध्ये गृहनिर्माणाचा एक कायदा केला होता. मोठी वसाहत उभारणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाने त्यातील सुमारे १२ ते १५ टक्के घरे बाजारभावाहून कमी दरात दिली पाहिजेत, आणि त्यांतील एक तृतीयांशापर्यंत घरे काउंटीच्या गृहनिर्माण मंडळाला विकत घेता यावीत, अशी त्यात तरतूद होती. मंडळ ही घरे अत्यंत गरीब कुटुंबांना भाड्याने देते. कोणाला कोठे घर मिळेल हे प्रतीक्षा यादीतून सोडतीने ठरते, कुटुंबाच्या पसंतीने नव्हे. त्यामुळे सारख्याच परिस्थितीतील, बहुतांश कृष्णवर्णीय, कुटुंबांपैकी काहींची मुले लाल पट्ट्यातील शाळेत गेली, तर काहींची हिरव्या पट्ट्यातील.

संशोधिका हेदर श्वार्ट्झ यांनी अशा ८५८ प्राथमिक विद्यार्थ्यांच्या २००१ ते २००७ या काळातील प्रगतीचा मागोवा घेतला. त्यांचा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली दोन वर्षे दोन्ही गटांत काहीच फरक दिसला नाही. पाचव्या वर्षापर्यंत मात्र हिरव्या पट्ट्यातील मुले गणितात स्पष्टपणे पुढे गेली होती. प्राथमिक शिक्षण संपताना त्यांच्यात आणि काउंटीतील सुस्थित मुलांमध्ये गणितात असलेले अंतर निम्म्याने घटले होते, वाचनातील सुमारे एक तृतीयांशाने. जादा निधी लाल पट्ट्याला मिळत होता. पुढे गेली ती सुस्थित मुलांच्या शेजारी बसलेली गरीब मुले.

यावरून पैसा व्यर्थ गेला, असा सोयीचा निष्कर्ष कोणी काढू नये. तो खर्च झाला नसता, तर लाल पट्ट्यातील मुले आणखी मागे पडली असती. श्वार्ट्झ यांच्या मते या लाभाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शाळेमुळे आणि उरलेला वस्तीमुळे होता. ज्या शाळांत गरीब मुलांचे प्रमाण वाढत गेले, तेथे हा लाभ ओसरत गेला. याचा अर्थ असा, की गरिबी एका ठिकाणी कोंडून ठेवली, तर चांगला शिक्षकही एका मर्यादेपुढे हतबल होतो. आपण समरसतेचा विषय बहुधा सण, सहभोजने आणि भाषणे यांतून मांडतो. तिकडे एका नगररचनेच्या कायद्याने तो बाकावर आणून बसविला, आणि तोही कोणी तशी घोषणा न करता!

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या आहेत. येथेही प्रवेश सोडतीनेच होतात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी अथवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला यातून सूट दिली. तसे झाले असते, तर मोठ्या शहरांतील असंख्य मुलांसाठी तो बाकच उरला नसता. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द ठरविला. ही तरतूद मात्र आठवीपर्यंतच लागू आहे. नववीत त्याच शाळेत त्याच मित्रांसोबत बसायचे, तर शुल्क कोणी भरायचे, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.