अनामिक वाटाडे

सत्ता आणि वार्ता यांचे वैर फार जुने आहे. जबलपूरकरांना ते निराळे सांगावयास नको. राजद्रोहाच्या आरोपाखाली १९०८ साली अटक झालेल्या माधवराव सप्रे यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये याच नगरीतून 'कर्मवीर' हे हिंदी साप्ताहिक निघाले. माखनलाल चतुर्वेदी त्याचे संपादक झाले. त्या काळी वार्ता रोखावयाची म्हणजे छापखान्यास टाळे ठोकावयाचे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले, तेव्हा उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविला. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपणाची जागा वरचेवर बदलावी लागे. तरी नोव्हेंबरात केंद्र पकडले गेले आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

जागा बदलत राहण्याची हीच युक्ति आज इंटरनेटच्या जगात वापरली जाते. शासनाची आज्ञा होताच इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्या एखाद्या संकेतस्थळाची वाट बंद करतात. ती चुकवून जाणाऱ्या साधनांपैकी 'टॉर' हे प्रसिद्ध आहे. त्याची मूळ कल्पना अमेरिकन नौदलाच्या संशोधनशाळेत निघाली. मात्र त्याचे जाळे जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर चालवितात. निरोप सामान्यतः तीन मुक्कामांवरून जातो. पहिल्यास पाठविणारा ठाऊक असतो, पण निरोप कोठे चालला हे ठाऊक नसते. शेवटच्यास ठिकाण कळते, पाठविणारा कळत नाही. मधल्यास यांतले काहीच कळत नाही.

परंतु या मुक्कामांची यादी उघड असल्यामुळे ती पाहून नाकेबंदी करणे सोपे जाते. त्यावर 'स्नोफ्लेक', म्हणजे हिमकण, हा उपाय निघाला. नेपियर टाउनमधील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर एक लहानशी जोड बसविली, की परदेशातील कोणा अपरिचिताला त्या संगणकाच्या आधाराने टॉरच्या जाळ्यात प्रवेश मिळू शकतो. असे आधार क्षणोक्षणी उगवतात आणि मावळतात. म्हणून त्यांची यादी करणे दुष्कर होते. ज्याला वाट दाखविली त्याचे नावही वाटाड्याला कळत नाही.

अर्थात् ही साधने सर्वशक्तिमान नाहीत. इंटरनेटच समूळ बंद झाले, तर ती निरुपयोगी ठरतात. शिवाय जी वाट सत्यशोधकाला, तीच भामट्यालाही मोकळी असते. शासनाची चिंता म्हणूनच निराधार म्हणता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमान्वये देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी मजकूर रोखता येतो. मात्र २००९ च्या नियमांनी ही कार्यवाही गोपनीय ठेवली आहे. दार का लागले हे कळले नाही, की माणूस खिडकी शोधू लागतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

या बाबतीत जबलपूरचे नाव न्यायाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. आणीबाणीत, १९७६ साली, 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने नागरिकाला बेकायदा अटकेविरुद्धही दाद नाकारली. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरुद्ध राहिले. पुढे २०१७ साली, खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविताना, न्यायालयाने तो निर्णय रद्दबातल केला. २०२० साली काश्मीरसंबंधीच्या खटल्यात, इंटरनेट अनिश्चित काळ बंद ठेवता येणार नाही आणि तशा आज्ञा प्रसिद्ध केल्या पाहिजेत, असेही त्याने बजावले.

हाच खरा राजमार्ग होय. आज्ञा उघड असावी, सकारण असावी आणि तिच्याविरुद्ध दाद मागता यावी. असे शासन नागरिकांचा विश्वास मिळविते. तेथे आडवाटेची गरज क्वचितच भासते. जेथे हे घडत नाही, तेथे मात्र कोणीतरी अनामिक वाटाडा दूरच्या घरात आपला संगणक रात्रभर चालू ठेवणारच.