शस्त्र खाली ठेवविणारा शब्द



या महोत्सवाच्या मंगल प्रसंगी मी आपणांपुढे एका इंग्रजी शब्दाचा विचार मांडणार आहे. तो शब्द ‘डिसार्म’ हा होय. लॅटिन भाषेत ‘आर्मा’ म्हणजे शस्त्रे. त्यावरून फ्रेंच भाषेच्या द्वारे तो इंग्रजीत आला. शत्रूचे शस्त्र काढून घेणे हा त्याचा मूळ अर्थ. पुढे राष्ट्रांनी सैन्य घटविले तरी हेच क्रियापद योजू लागले. पेरलेला सुरुंग निकामी केला तरी हेच. आणि नवल असे की, एखाद्याच्या निष्कपट हास्याने समोरच्याचा राग मावळला, तर त्या हास्यालाही ‘डिसार्मिंग’ म्हणतात.

पहिला अर्थ बळाचा, शेवटचा प्रीतीचा. दोहोंत टिकाऊ कोणता? सन १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे सैन्य १,००,००० वर आणून ठेवले. हातातील शस्त्र गेले, परंतु मनातील सल राहिला. १९३५ साली तेथे सक्तीची सैन्यभरती पुन्हा सुरू झाली आणि १९३९ साली महायुद्ध पेटले.

म्हणूनच पोप तेविसावे योहान यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात, निःशस्त्रीकरण अंतःकरणापर्यंत पोहोचले पाहिजे, असे शिकविले. पोप चौदावे लिओ यांनी ८ मे २०२५ रोजी निवड होताच लोकांना शांतीचे अभिवादन केले, तेव्हा त्या शांतीला दोन विशेषणे लावली: स्वतः निःशस्त्र असलेली आणि दुसऱ्यासही निःशस्त्र करणारी. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी आपले शस्त्र खाली, मग दुसऱ्याचे.

माझाच एक अनुभव सांगतो. एका वृद्ध बाईंना मी एकदा चारचौघांत विनाकारण कठोर बोललो. दुसऱ्या दिवशी त्या दारात दिसल्या, तेव्हा मी मनातल्या मनात उत्तरे परजून बसलो. त्यांनी एवढेच विचारले, “फादर, काल तुमचा चेहरा उतरलेला दिसला. जेवलात ना?” माझी सारी शस्त्रे तेथेच गळाली, क्षमा मागावयाची ती मी मागितली.

बंधुभगिनींनो, शेताच्या बांधावरून, घराच्या वाटणीवरून अबोला धरलेली कुटुंबे आपल्यातही आहेत. दोघेही वाट पाहतात, की प्रथम त्याने हत्यार टाकावे. आज मेजवानीस बसण्यापूर्वी त्यांपैकी एकाने तरी दुसऱ्याच्या दाराशी जावे आणि “जेवलास का?” एवढेच विचारावे. तीच आपल्या महोत्सवाची खरी आरास होईल. आमेन.