काखेत कळसा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मंडळाचा इतिहास सांगावा, निदान जुन्या गणेशोत्सवांच्या आठवणी तरी निघाव्यात, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र एका सहलीची हकीकत सांगणार आहोत. सहल एका दिवसाची. परंतु ती करण्याचे दिल्लीत तीस वर्षे काढल्यावर सुचले, यातच आमचा दोष उघड होतो.

आपणा सर्वांचा क्रम ठरलेला आहे. रजा मंजूर झाली की आरक्षण करावे आणि थेट पुणे, नागपूर नाही तर सातारा गाठावे. दिल्ली हे नोकरीचे ठिकाण. गाव म्हणजे तिकडचे. या हिशेबात दिल्लीच्या वेशीबाहेरचा मुलूख कोठेच बसत नाही. तो एकदा पाहावा म्हणून गेल्या जानेवारीत एका रविवारी आम्ही उभयता आणि आमची कन्या पहाटेच्या धुक्यात गुरुग्रामच्या पश्चिमेला निघालो.

गुरुग्रामच्या काचेच्या इमारती मागे पडल्या आणि पंधराएक किलोमीटरवर सुलतानपूर आले. दोन्ही बाजूंस मोहरीची पिवळी शेते आणि मध्ये पाणी. त्या पाण्यावर एवढे पक्षी, की प्रथम आवाजच ऐकू यावा! डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येथे हिवाळा काढावयास येतात. तलवार बदके होती, थापटे होते, चक्रवाकाची जोडी होती. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू लावलेले हळदीकुंकू बदक दिसताच आमच्या सौभाग्यवतींना माहेरचे माणूस भेटल्याचा आनंद झाला. कपाळी पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी तर थव्याने पोहत होते. पलीकडे बाभळींतून नीलगायींचा कळप संथपणे गेला.

हे सरोवर आपोआप टिकलेले नाही. रॉयटर वृत्तसंस्थेचे दिल्लीतील प्रतिनिधी पीटर जॅक्सन हे पक्षिनिरीक्षक होते. त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांना पत्र लिहून या जागेला संरक्षण देण्याची विनंती केली आणि १९७१ साली हरियाणा सरकारने येथे अभयारण्य जाहीर केले. पुढे त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. आमचे सारे आयुष्य पत्रांवर शेरे मारण्यात गेले. तेव्हा एका पत्रातून एक सरोवर वाचले, याचे अप्रूप आम्हांस वाटल्यावाचून राहिले नाही. आणि पत्र लिहिणारा तर सातासमुद्रांपलीकडून नोकरीसाठी आलेला गृहस्थ होता!

तेथून जवळच फर्रुखनगर. मोगल बादशहा फर्रुखसियरच्या नावाने १७३२ मध्ये वसलेले हे बाजाराचे गाव. वेशीचे दरवाजे, नबाबाचा शीशमहल, अष्टकोनी पायविहीर आणि अरुंद पेठ. येथील भूजल खारट. विहिरींतून खारे पाणी उपसून उथळ वाफ्यांत उन्हाने आटवीत आणि मीठ काढीत. त्या मिठासाठी १८७३ साली लोहमार्ग या गावापर्यंत आला. पुढे मिठाचा व्यापार बसला. गाव मात्र आपल्या संथ गतीने चालत राहिले.

पायविहिरीपाशी ऊन खात बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हुक्का बाजूस सारून विचारले, “कहाँ से आए हो?” आम्ही म्हटले, “दिल्ली से.” “वो तो ठीक. गाँव कौन-सा?” आम्ही सातारा जिल्हा सांगितला. “वहाँ की नदी?” “कृष्णा,” आम्ही अभिमानाने उत्तरलो. “और यहाँ की?” आम्ही गप्प. कन्येने धीर करून “यमुना” म्हटले. म्हातारा दिलखुलास हसला. “यमुना तो उधर की है, बेटी. यहाँ की साहिबी.”

तीस वर्षांत हे नाव आमच्या कानी पडले नव्हते.

ते नाव मनात घोळवीत आम्ही झज्जरला पोहोचलो. सुरईसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर आपल्याला अगदीच परके नाही. जॉर्ज टॉमस या आयरिश साहसी सरदाराला हा भाग १७९० च्या दशकात जहागीर म्हणून दिला तो अप्पा खंडेराव या मराठा सरदाराने. टॉमसने बांधलेल्या जॉर्जगढाचे लोकांच्या तोंडी ‘जहाजगढ’ झाले. समुद्राचा मागमूस नसलेल्या या मुलखात ते नाव आजही नांदते आहे आणि तेथे गुरांचा बाजार भरत आला आहे. दिल्लीभोवतीचा मुलूख दौलतराव शिंद्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला तो डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने. ते अंजनगाव आपल्या अमरावती जिल्ह्यातले! पानिपताचे नाव घेताच आपला ऊर भरून येतो. पण ज्या मातीत मराठ्यांनी पुढे चाळीस वर्षे वावर केला, तिच्या नदीचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

झज्जरपासून पंधराएक किलोमीटरवर भिंडावास. हा तलाव मनुष्यनिर्मित आहे. पंपांनी उचलून नेल्या जाणाऱ्या कालव्याचे पाणी वीज गेली की तुंबे. ते साठविण्यासाठी ही जागा बांधून काढली आणि पक्ष्यांनी ती आपलीशी केली. २०२१ मध्ये भिंडावास आणि सुलतानपूर या दोहोंना रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. बांधावरून चालताना सारसाची जोडी गव्हात उभी दिसली. आम्ही तिघेही बराच वेळ काही बोललो नाही.

परतताना ढांसा, नजफगढ या मार्गे दिल्लीत शिरलो आणि साहिबीचा पत्ता लागला. राजस्थानातील अरवलीच्या डोंगरांत उगम पावून ही नदी अलवर, रेवाडीकडून येते. तिचे पावसाळी पाणी नजफगढच्या विस्तीर्ण सरोवरात पसरे. एकोणिसाव्या शतकात सरोवराचे पाणी काढून देण्यासाठी चर खोदला. विसाव्या शतकातील पुरांनंतर तो रुंद केला. वरच्या अंगास बंधारे झाले, खालच्या अंगास शहराचे सांडपाणी मिळाले. ढांशापासून यमुनेपर्यंत सुमारे ५७ किलोमीटर वाहणाऱ्या त्या प्रवाहाला आपण नजफगढ नाला म्हणतो. आपल्यापैकी कितीतरी जण रोज तो ओलांडतात. आम्हीही तीस वर्षे ओलांडला, नाकाला रुमाल लावून.

बंधुभगिनींनो, एकाच सखल पट्ट्यातले हे पाणी. जेथे कोणी त्याला आपले म्हटले तेथे सरोवर झाले. जेथे कोणी म्हटले नाही तेथे नाला झाला. अलीकडे त्याला साहिबी हे नाव परत द्यावे, असे बोलले जाऊ लागले आहे. नाव दिल्याने पाणी स्वच्छ होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु नदी म्हटल्यावर तीत घाण सोडताना निदान लाज वाटेल.

या पन्नास वर्षांत मंडळाने आपली भाषा आणि सणवार जपले, हे थोर कार्य आहे. आता एक लहानसे काम जोडावे, एवढीच विनंती. दर हिवाळ्यात मंडळाची एक सहल या मुलखात जावी; मुलांनी पक्ष्यांची नावे मराठीत शिकावीत; आणि साहिबीसाठी मंडळाच्या शिक्क्यानिशी एक पत्र योग्य त्या ठिकाणी जावे. उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवावे. ते कसे लिहितात, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे!

त्या सायंकाळी नाल्यावरच्या पुलाशी आमच्या हाताने सवयीने मोटारीची काच वर केली. मागून कन्या म्हणाली, “बाबा, हीच ना साहिबी?” आम्ही काच खाली घेतली. वास यायचा तो आलाच. पण पूल संपेपर्यंत ती तशीच खाली राहू दिली.

जय महाराष्ट्र, जय हिंद.