गुलमंडीजवळची शाळा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद. या शहरांत गुलमंडीचा बाजार ओलांडून औरंगपुऱ्यांत शिरलें, कीं सरस्वती भुवन ही शाळा लागते. १९१५ सालीं ती निघाली, तेव्हां येथें निजामाचें राज्य होतें. रयत बोले मराठी, तेलुगु, कानडी. दरबाराची भाषा मात्र उर्दू, आणि वरच्या वर्गांतील सरकारी शिक्षणही उर्दूंतच.

१९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. उच्च शिक्षण देशी भाषेंत देतां येतें, हें त्यानें सिद्ध केलें. ही कामगिरी थोर खरी. पण ती देशी भाषा मराठी मुलाच्या घरची नव्हती. प्रश्न समजे, उत्तर सुचे, आणि शब्दापाशीं मूल अडे.

खासगी शाळा काढावयाची, तर सरकारची परवानगी लागे. तरीही हैदराबादेस विवेकवर्धिनी, अंबाजोगाईस योगेश्वरी, हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा उभी राहिली. हिप्परग्यास व अंबाजोगाईस शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढें मुक्तिलढ्याचे नेते झाले, हा योगायोग नव्हे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली; १९५८ सालीं याच शहरांत मराठवाडा विद्यापीठ आलें. लढ्यांतील अग्रणी गोविंदभाई श्रॉफ यांनीं सरस्वती भुवन संस्थेची धुरा पुढें अनेक वर्षें वाहिली. प्राथमिक वर्गांपासून महाविद्यालयापर्यंत संस्थेचा विस्तार झाला. मूल पहिलीस यावें, आणि पदवी घेऊनच बाहेर पडावें!

राज्यें बदलतात. शाळा टिकते ती, तिच्यावांचून आपलें अडेल असें गांवाला वाटतें तोंवरच.