कायद्याचे अज्ञान

कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये, असे म्हणतात. तरीही ती ज्यांना चढावी लागली आहे, त्यांच्या कानांवर काही चमत्कारिक शब्द खचित पडले असतील. पक्षकार मराठी, वकील मराठी, वादाचा विषय शेताचा बांध किंवा सामाईक विहीर. आणि युक्तिवाद रंगात आला की मध्येच 'प्रायमा फेसी' डोके वर काढते, पाठोपाठ 'एक्स पार्टे' येते. पहिल्याचा अर्थ सकृद्दर्शनी, दुसऱ्याचा एकतर्फी. दोन्ही मराठी शब्द चांगले रुळलेले आहेत. तरी लॅटिनचा दिमाख काही सुटत नाही. खुद्द इंग्लंडने 1999 साली दिवाणी कामकाजाचे नवे नियम अमलात आणले, तेव्हा अशा पुष्कळ शब्दांना निरोप दिला. शब्द असे बदलता येतात. ज्या लॅटिन वचनांवर माणसाची सुटका किंवा शिक्षा अवलंबून असते, त्यांचे प्रकरण अधिक अवघड आहे.

अशा वचनांत सर्वांत प्रसिद्ध 'इग्नोरँशिया ज्युरिस नॉन एक्सक्यूझॅट' हे होय. कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हा त्याचा अर्थ. मौज अशी की, कायदा न जाणणाऱ्याला बजावण्यासाठी जे वचन सांगायचे, तेच त्या बिचाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत आहे! परंतु वचनामागील व्यवहार खरा आहे. अज्ञानाची सबब एकदा मान्य केली, की प्रत्येक आरोपी तीच पुढे करील. कायदा वाचणारा तोट्यात जाईल आणि डोळे मिटून बसणारा नफ्यात राहील.

रोमन लोकांना मात्र या नियमातील कठोरपणा उमगला होता. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने 533 साली जो 'डायजेस्ट' नावाचा न्यायग्रंथ सिद्ध झाला, त्यात पौलस या विधिज्ञाचे मत नोंदलेले आहे. कायद्याचे अज्ञान बाधते, वस्तुस्थितीचे अज्ञान बाधत नाही, असा नियम सांगून तो लगेच अपवादांकडे वळतो. पंचवीस वर्षांखालील व्यक्तींना कायदा ठाऊक नसला तरी चालते. काही बाबतींत स्त्रियांना आणि सैनिकांनाही सवलत आहे. लाबिओ नावाच्या त्याच्याही आधीच्या विधिज्ञाचे म्हणणे तर असे होते की, ज्याला जाणत्याचा सल्ला सहज मिळण्याजोगा होता, त्यालाच अज्ञान बाधावे. पौलसने यावर, ही सवलत क्वचितच द्यावी, अशी पुस्ती जोडली आहे. तरीसुद्धा 'त्याला कळणे शक्य होते काय?' हा प्रश्न तेथे विचारला गेला, हे महत्त्वाचे. पुढे वचन तेवढे पाठ झाले आणि प्रश्न मागे पडला.

भारतात 1860 च्या दंडसंहितेने हाच भेद कलम 76 आणि 79 मध्ये घातला. वस्तुस्थितीविषयी सद्भावनेने झालेली चूक आरोपीला वाचवू शकते. कायद्याविषयीची चूक वाचवू शकत नाही. 1 जुलै 2024 पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही हीच व्यवस्था कायम आहे.

याच्यासमोर दुसरे एक वचन उभे आहे : 'ॲक्टस नॉन फासिट रेअम निसि मेन्स सिट रेआ'. मन दोषी असल्याशिवाय केवळ कृतीने माणूस दोषी ठरत नाही. याचे मूळ न्यायालयात नसून धर्मपीठावर आहे. संत ऑगस्टीन याने खोट्या शपथेसंबंधी प्रवचन करताना, मन दोषी असल्यावाचून जीभ दोषी होत नाही, असे सांगितले होते. वकिलांनी जिभेच्या जागी कृती घातली, आणि सतराव्या शतकात एडवर्ड कोक याच्या ग्रंथातून वचन इंग्रजी कायद्यात दृढ झाले.

या दोन वचनांचा सामना झाला, तर कोणाचे ऐकावे?

सर्वोच्च न्यायालयापुढे 1951 साली आलेले प्रकरण सोपे होते. जयपूर संस्थानात महाराज अज्ञान असताना मंत्रिमंडळाने 1923 साली ठराव करून अफूचा कायदा केला. पण तो राजपत्रात छापला नाही, की अन्य मार्गाने प्रजेला कळवलाही नाही. त्या कायद्याखाली एकाला पन्नास रुपये दंड झाला. नागपूरचे माजी मुख्य न्यायाधीश विवियन बोस यांनी निकाल दिला की, बंद दालनात झालेला आणि कसोशीने शोधूनही कोणाला न सापडणारा ठराव माणसाला बांधू शकत नाही. दंड रद्द झाला. रक्कम क्षुल्लक, पण तत्त्व मोठे.

सांताक्रुझ विमानतळावरील प्रकरण इतके सरळ नव्हते. 28 नोव्हेंबर 1962 रोजी पहाटे झुरिचहून मनिलाला जाणारे विमान मुंबईत उतरले. एक जर्मन प्रवासी आतच बसून होता. कस्टम अधिकाऱ्याने सोन्याबद्दल विचारताच त्याने खांदे उडवले. झडतीत त्याच्या जाकिटाच्या खणांतून सुमारे 34 किलो सोने निघाले! आता, परदेशी जाणारे सोने भारतातून नुसते पुढे नेण्यास 1948 पासून मुभा होती. परंतु त्या सोन्याची विमानाच्या मालपत्रकात नोंद हवी, अशी नवी अट रिझर्व्ह बँकेने घातली होती आणि ती 24 नोव्हेंबरला, म्हणजे विमान झुरिचहून सुटण्याच्या तीनच दिवस आधी, भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली होती. झुरिचमध्ये दिल्लीचे राजपत्र कोण वाचतो?

दंडाधिकाऱ्याने एक वर्षाची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने सोडले, आणि 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने पुन्हा दोषी ठरवले. राजपत्रातील प्रसिद्धी पुरेशी आहे, आणि परकीय चलनाचे रक्षण करणाऱ्या कायद्यात दोषी मनाचा पुरावा मागत बसल्यास कायद्याचा हेतूच विफल होईल, हे बहुमताचे म्हणणे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदले : कायद्याने स्पष्टपणे वगळले नसेल, तर दोषी मन हवेच. खांदे उडवणाऱ्या माणसाबद्दल सहानुभूती वाटणे कठीण आहे. पण भिन्नमताचा युक्तिवाद अधिक पटतो, कारण उद्या त्या आसनावर सर्वस्वी निष्पाप प्रवासीही बसलेला असू शकतो. बहुमतालाही थोडी टोचणी लागली असावी. शिक्षा भोगली तेवढीच पुरे मानून त्याला सोडण्यात आले.

डिसेंबर 1978 मध्ये कानपूरच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या खटल्यात वचनाचा अर्थ आणखी स्पष्ट झाला. विक्रीकर माफ करण्याचे आश्वासन देऊन उत्तर प्रदेश सरकारने ते फिरवले, आणि कंपनीने आपला हक्क सोडून दिला होता, असा पवित्रा घेतला. हक्क ठाऊक असल्याशिवाय तो सोडता कसा येईल? प्रत्येकाला कायदा ठाऊक असतो, असे गृहीत धरावे, तर सरकारची बाजू भक्कम होत होती. न्यायमूर्ती भगवती यांनी ते गृहीतच नाकारले. अज्ञान ही सबब नव्हे, एवढेच वचन सांगते. सर्वांना कायदा येतो, असे ते कोठेही म्हणत नाही. सरकारला दिलेला शब्द पाळावा लागला.